न मरणारी ज्वारी

"उद्या ग्रामसभा आहे, अलमास! ब्राह्मणपुरी गावाने माझं बियाणं घेणं बंद केलं, तर दुकानाला कुलूपच!"

अनीसमामू घाम पुसत म्हणाले. त्यांची भाची अलमास, दहावीची विद्यार्थिनी आणि शहाद्यातल्या त्यांच्या गल्लीची एकमेव खासगी गुप्तहेर, केव्हाच सायकलवर बसली होती. मैत्रीण रुपा कॅरिअरवर.

आरोप साधा होता. गेल्या वर्षी गिरधर पाटलांनी मामूंकडून चाऱ्याच्या ज्वारीचं बियाणं नेलं. यंदा त्यांच्या कपाशीत ज्वारीच ज्वारी!

"दोनदाव निंदी टाकी, तरी वाढी ऱ्हायनी," दोघी ब्राह्मणपुरीच्या वावरात पोचताच गिरधर कडाडले. "तुन्हा मामाना बियानामाच खोट शे!"

त्यांचा मुलगा चंदन मात्र खुशीत होता. "लागवडीआधी नवा रोटाव्हेटर मारला मी. पाटाच्या बांधावरचं गवत धरूनच सुरुवात केली. माती पिठासारखी! मग तसाच दोधूकाकाच्या वावरात गेलो."

शेजारचे दोधूकाका वैतागले होते. "मी ज्वारी पेरतच नई, पोरी. तरी मन्ही मिरचीमा ती उनीच!"

"वाऱ्याने बी उडालं असेल," रुपा म्हणाली.

"हुशार! एक रोप उपट बरं," अलमास म्हणाली.

रुपाने जोर लावला. कट्! हातात नुसता धांडा, आणि रुपा चिखलात.

"हसू नकोस गं!"

पण अलमास हसत नव्हती. ती कुदळ शोधत होती.

ग्रामसभेत तिने टेबलावर एक लांब, पांढरं, पेरापेरांचं खोड ठेवलं.

"ज्वारीला मुळांचा झुपका असतो. हे जमिनीखाली धावतं. हा बरू! दिसतो ज्वारीसारखा, पण वर्षानुवर्षं मरत नाही. पिकाचं पाणी-खत ओढतो. कोवळा खाल्ला तर गुरं दगावतात."

"मग तो वावरात आला कसा?" रुपाने विचारलं.

"दोधूकाकांनी मामूंचं बियाणं घेतलंच नाही. दोन्ही वावरांत एकच गोष्ट सारखी आहे, चंदनदादाचा रोटाव्हेटर! बांधावरच्या बरूचे त्याने तुकडे केले, वावरभर पसरवले. प्रत्येक पेराला नवा कोंब. आपण बरू मारला नाही, लावला!"

चंदनचा चेहरा उतरला.

गिरधर उठले, मामूंसमोर उभे राहिले. "अनीसभाऊ, मी चुकनू. सर्वासमोर सांगस."

मग त्यांनी मुलाच्या हातात कुदळ दिली.

"पहिले दोधूनं वावर खंद. आपलं मंग."