म्याऊ करणारा सोफा

"ताई, शेवंतीचं पोट गेलं!" मृत्युंजय धापा टाकत गोदामातून बाहेर आला.

"गेलं म्हणजे?"

"काल ढोलासारखं होतं, आज सपाट! आणि नुसती ओरडून राहिली!"

दामिनी हातातला आंबा तसाच टाकून पळाली. सुट्टीत ती नांदेडहून उदगीरला, मृत्युंजयच्या पप्पांकडे, म्हणजे शिवप्रसादमामाकडे आली होती. मामाचा मंडपाचा धंदा. घरामागच्या गोदामात गाद्या, पडदे आणि खुर्च्यांचे डोंगर. त्यात शेवंती मांजरी सैरावैरा फिरत होती. एका रिकाम्या जागेपाशी यायची, जमीन हुंगायची आणि जिवाच्या आकांतानं ओरडायची.

"व्याली असणार ही. मग पिल्लं कुठायत?"

मृत्युंजयची आठ वर्षांची बहीण ऋतुजा खाली वाकली. "इथं बघ! धुळीत चार चौकोन उमटलेत."

"नवरा-नवरीचा सोफा!" मृत्युंजय किंचाळला. "खालचं कापड फाटलंय त्याचं. सकाळीच पप्पांनी टेम्पोत टाकून लग्नासाठी मंगल कार्यालयात नेला!"

दामिनीनं मामाला फोन लावला.

"सोफ्यात मांजराची पिल्लं? मी इथं स्टेज लावून राहिलो अन् तुम्हाला चेष्टा सुचते!" मामानं फोन ठेवूनच दिला.

"मी पळत जातो," मृत्युंजय म्हणाला. "पिल्लं पिशवीत घालून आणतो!"

"मुळीच नाही!"

गेल्या वर्षी दामिनीनं शेजारच्या मांजरीची पिल्लं दिवसभर हाताळली होती. एकाला तर बाहुलीचा फ्रॉकही घातला होता. दुसऱ्या दिवशी मांजरीनं सगळी पिल्लं कुठं नेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रिकाम्या खोक्यापाशी बसून दामिनी खूप रडली होती.

"माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लांना टाकत नाही रे. पण घाबरली, की लपवते. आपण शेवंतीलाच बरोबर नेऊ. जे करायचं ते तिच्यासमोर!"

शेवंतीला दुरडीत बसवून वरून ओढणी बांधेपर्यंत मृत्युंजयच्या हातावर तीन ओरखडे उठले. "आई हाय की वाघीण!" तो कुरकुरला. ऋतुजानं एक खोकं घेतलं आणि तिघं निघाले.

कार्यालयात सोफा स्टेजवर दिमाखात बसला होता. आणि मधूनमधून म्याऊ करत होता!

"अरे, तुझा माईक वाजून राहिला!" मामा माईकवाल्यावर खेकसला.

"माईक बंद हाय, मालक!"

तेवढ्यात नवरीचे काका रामलिंगराव अत्तराचा घमघमाट सोडत आले. वजन शंभर किलोच्या वर! "जरा टेकतो," म्हणत ते सोफ्यावर बसायला वाकले...

ऋतुजानं माईकचं बटण दाबलं. "काका, बसू नका! सोफ्याला सोनेरी रंग लावलाय! ओला हाय!"

रामलिंगराव टुणकन उडाले आणि धोतराचा मागचा भाग बघायला स्वतःभोवती गरगर फिरू लागले. "लागला का रे? लई लागला का?"

"कुणी लावला रंग?" मामा लालबुंद झाला. पण तेवढ्यात दुरडीतून आवाज आला, "म्यांव!" आणि सोफ्यातून बारीकसं उत्तर आलं, "मिंऽऽ!"

मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आवाज ऐकून नवरी शिल्पा तिच्या खोलीतून बाहेर आली. "आधी तो बाहेरचा बँड थांबवा! आणि सगळे मागं सरा!"

"अगं, मुहूर्त..." रामलिंगराव म्हणाले.

"अजून वीस मिनिटं हायत, काका!"

दामिनीनं हात स्वच्छ धुतले आणि दुरडी सोफ्यापाशी उघडली. शेवंती थेट फाटक्या कापडात शिरली. आत चोखण्याचा चुकचुक आवाज सुरू झाला. दामिनी थांबून राहिली. मग तिनं हळूच हात पुढे केला. शेवंती फिस्कारली. हात मागे. पुन्हा पुढे. शेवंतीनं हुंगला आणि नजर वळवली.

पिल्लांखालच्या चिंध्या दामिनीनं खोक्यात पसरल्या, म्हणजे त्यांना आपला वास मिळेल. मग पोटाखाली तळवा घालून एक पिल्लू उचललं, आईच्या नाकासमोरून नेलं आणि खोक्यात ठेवलं. दुसरं शेवंतीनं स्वतःच मानेला धरून आणलं.

"झालं!" मृत्युंजय म्हणाला.

पण शेवंती परत सोफ्याखाली गेली आणि तिथंच बसून ओरडू लागली. दामिनीनं कोपरापर्यंत हात आत घातला. स्प्रिंगच्या मागे काहीतरी मऊ, गार लागलं. तिनं ते अलगद सोडवलं. इवलंसं काळं पिल्लू, हलेना! तिनं ते आईपुढे ठेवलं. शेवंती चाटत राहिली, चाटत राहिली... आणि पिल्लानं जांभई दिली!

मंडपात टाळ्या वाजणार होत्या, पण शिल्पानं ओठांवर बोट ठेवलं. खोकं तिच्याच खोलीच्या शांत कोपऱ्यात गेलं. शेवंती आत उतरून पिल्लांभोवती गोल वेटोळं करून पडली. "पोरी, मोठ्यांना न्हाई सुचलं ते तुला सुचलं," रामलिंगराव दामिनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

मामानं वाकून खोक्यात पाहिलं. "फोन ठेवायला नको होता मी," तो दामिनीला म्हणाला.

संध्याकाळी टेम्पो परत निघाला. सोफा मागे, आणि पुढे मामाच्या मांडीवर ते खोकं. एवढासा खड्डा आला, तरी मामा ड्रायव्हरवर ओरडायचा, "हळू रे! बाळंतीण हाय गाडीत!"