जावयाने दिलेलं कार्ड

"माझी अब्रू वाचवा," असं म्हणत तो आत आला आणि थेट भाऊजींच्या खुर्चीत बसला.

भाऊजी उभेच राहिले. करतात काय बिचारे? ऑफिसात खुर्च्या दोन, आणि अशील इतक्या क्वचित येत की तिसरी घ्यायची वेळच आली नव्हती. वहिनींनी विमा कंपनीत बावीस वर्षं जळालेली गोदामं आणि भिजलेला माल तपासला होता. नोकरी संपल्यावर त्यांनी 'खासगी तपास' अशी पाटी लावली. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आपले भाऊजी, वाचनालयातून निवृत्त होऊन मदतीला आले आणि वही घेऊन बसले. आपण नसतो तर वहिनींचं कठीण होतं, असं त्यांना मनापासून वाटे. वहिनींना काय वाटतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, तेच बरं केलं.

"खून?" भाऊजींनी आशेने विचारलं.

"कॉम्प्युटर," तरुण म्हणाला.

भाऊजींनी पेनाला टोपण लावलं. वहिनींनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "नीट सांगा."

तरुणाचे सासरे गोदीत क्रेन चालवायचे. घरी बसल्यावर त्यांना करमेना, म्हणून त्यांनी गेम खेळायचा कॉम्प्युटर घेतला. टेबलाला खरंखुरं स्टिअरिंग लावून ते पडद्यावर ट्रक चालवत. त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला जावयाने नवं ग्राफिक्स कार्ड दिलं. पडद्यावरचं चित्र घडवतो तो भाग. आता डोंगर डोंगरासारखे दिसतील, एवढाच हेतू.

"आणि झालं भलतंच," जावई म्हणाला. "खेळ सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत पडदा काळा. कॉम्प्युटर बंद पडून आपोआप पुन्हा चालू होतो. सासऱ्यांना वाटतं, मी कुणाचं तरी वापरून झालेलं कार्ड त्यांच्या गळ्यात मारलं. तोंडावर बोलत नाहीत. 'असू दे, असू दे' म्हणतात. ते जास्त झोंबतं."

"खोकं सीलबंद होतं?"

जावयाने फरशीकडे पाहिलं. "असावं."

"बरं. मग तुमचं नक्की अडलंय कुठे?"

"पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला जाणार होतो. बायकोची फार इच्छा आहे. माझीही होती. पण ज्या घरात मला भामटा समजतात, तिथे मी रोज कुठल्या तोंडाने जेवायला बसू? रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय."

आज गुरुवार होता. वहिनींनी एकेक दिवस विचारून घेतला आणि भाऊजींनी तो वहीत उतरवला. शनिवारी दुकानात कार्ड बसवलं. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला, छान चालला. रविवारी बंद पडू लागला. सोमवारी दुकानात नेला, तिथे तीन तास गेम चालला, काही झालं नाही. संध्याकाळी घरी आला, छान चालला. मंगळवारी पुन्हा बंद. बुधवारी परत दुकान, तीच कथा. आज सकाळी साडेआठला पुन्हा काळोख.

"सिनेमा बघताना बंद पडतो?"

"नाही. सिनेमा, पत्रं, फोटो, सगळं चालतं. फक्त गेम खेळताना."

"गरम होत असणार," भाऊजी म्हणाले.

"घरी गरम होतो आणि दुकानात गार राहतो?" वहिनींनी विचारलं. भाऊजींनी 'गरम' हा शब्द खोडला.

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार मान खाली घालून स्क्रू शोधत होता आणि शोधता शोधताच बोलला.

"कार्ड नवंकोरं आहे. खोकं मीच फोडलं, खरं आहे. नवा माल मी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. माझी तीस वर्षांची सवय आहे."

जावयाने एक मोठा श्वास सोडला, तो भाऊजींनाही ऐकू आला.

"कॉम्प्युटर इथे आला की तुम्ही आधी काय करता?" वहिनींनी विचारलं.

"कॉम्प्युटरच्या बाजूचं काचेचं दार उघडतो आणि सगळ्या वायरी उपसून पुन्हा घट्ट बसवतो. निम्मे आजार ढिल्या वायरींचे असतात. काही लोकांना वायरी दोऱ्याने बांधायची हौस असते. ते दोरे कापतो, फेकतो. मग गेम लावून बघतो."

"वायरी उपसण्याआधी लावून नाही बघत?"

"कशाला? ढिली वायर असेल तर उगाच कार्ड जळायचं."

"कार्डाला वीज कशी पोचते?"

"पॉवर सप्लाय म्हणून डबा असतो, त्यातून. कार्डाला वीज घ्यायच्या दोन जागा, म्हणून दोन वायरी. प्रत्येक वायरीला कार्डाच्या बाजूला दोन तोंडं असतात. एक लावायचं, दुसरं लोंबकळतं. दिसायला गबाळं, पण काम चोख."

"दार उघडायला स्क्रू लागतात?"

"छे. कपाटासारखं आहे, ओढलं की उघडतं." त्याने शेजारच्या दुसऱ्या एका कॉम्प्युटरचं दार उघडून दाखवलं. काचेवर आतून त्याच्या चार बोटांचे काळपट ठसे उमटले. "हे ग्रीस काही सुटत नाही हातांचं," तो म्हणाला.

वाटेत भाऊजींनी आपला निष्कर्ष सांगून टाकला. "वहिनी, दुकानदार लबाड आहे. पुन्हा पुन्हा दुकानात आणायला लावतो."

"आणि दर वेळी फुकट बघून देतो. असा लबाड मला रोज भेटो," वहिनी म्हणाल्या.

सासऱ्यांचं घर दुमजली, नीटनेटकं. दार सासूबाईंनी उघडलं. बारीक अंगाच्या, पदराला हात पुसत आलेल्या. जावयाला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या हो, या. तुमचं कार्ड उत्तमच आहे, मी रोज सांगते यांना," त्या म्हणाल्या. "या खेळाचं मात्र मला काही कौतुक नाही. दिवसभर घुर्र घुर्र. पण माणूस घरात आनंदात असतो, तेवढं पुरे."

भाऊजींनी 'खेळ आवडत नाही' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

"पूर्वी तुम्ही नोकरी करत होतात?" वहिनींनी सहज विचारलं.

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, एकतीस वर्षं. वायरी जोडायच्या आणि जुड्या बांधायच्या. मुंगीला वाट मिळणार नाही अशी जुडी बांधायची मी."

खोलीत इस्त्री ठेवली होती. तिची दोरी गुंडाळून मेणाच्या दोऱ्याने बांधलेली होती, दर दोन बोटांवर एक गाठ. पडद्याची दोरीही तशीच. वहिनींनी इस्त्रीपाशी जरा जास्तच वेळ काढला. वहिनींना इस्त्री घ्यायची असेल, असं भाऊजींना वाटलं.

सासरे स्टिअरिंगपुढे बसले होते, पण हात मांडीवर. खांदे क्रेनवाल्याचे, आवाज मात्र पडलेला.

"असू दे हो," ते म्हणाले. "यंत्र आहे. जावईबापूंनी प्रेमाने दिलं, तेवढं बास." हे म्हणताना त्यांनी जावयाकडे बघायचं टाळलं.

"तुमच्याशिवाय कुणी याला हात लावतं?"

"हिंमत नाही कुणाची. मी आठला उठतो, चहा घेऊन इथे बसतो, दुपारपर्यंत हलत नाही."

तेवढ्यात मेहुणा, म्हणजे घरातला धाकटा मुलगा, वरून खाली आला. कॉलेजात शिकवायचा. "बाबा, जुनंच कार्ड बरं होतं, काही म्हणा," असं म्हणून त्याने जीभ चावली.

"जुनं कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

"माझ्याकडे. माझ्या कॉम्प्युटरला लावलं."

भाऊजींनी वहिनींच्या कानात सांगितलं, "हाच. जळतोय भाऊजींवर. म्हणजे, त्यांच्या भाऊजींवर. जावयावर."

"समजलं मला," वहिनी म्हणाल्या.

मग त्या कॉम्प्युटरपुढे वाकल्या. काचेतून आतले दिवे दिसत होते आणि वायरींची काळी जुडी, इतकी सुबक की भाऊजींनी वाहवा केली. एकही तोंड लोंबकळत नव्हतं, एकही वायर वाकडी नव्हती. वहिनींनी दार ओढून उघडलं, काच उजेडाकडे धरली, आतून बाहेरून पाहिली. लख्ख होती.

"दुकानदाराला बोलावून घ्या," त्या जावयाला म्हणाल्या. "आणि सगळे इथेच बसा."

दुकानदार आला. सासूबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि दाराशी उभ्या राहिल्या. वहिनींनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि मग बोलायला लागल्या.

"आधी एक सांगते. इथे कुणी गुन्हेगार नाही. माल खराब नाही, मन तर कुणाचंच खराब नाही. कार्ड नवं आहे. खराब असतं तर दुकानात तीन-तीन तास चाललं नसतं."

"मग घरात काय बिघडतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"घरातही बिघडत नाही. शनिवार, सोमवार, बुधवार, तिन्ही संध्याकाळी घरातच नीट चाललं. भाऊजींच्या वहीत लिहिलंय. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे रात्रीची झोप आणि सकाळचा चहा यांच्या मधे काहीतरी होतं."

भाऊजींनी वही उघडून पाहिली. होतं खरं लिहिलेलं.

"कुणी मुद्दाम करतंय का, हे मी आधी पाहिलं. धाकट्यावर संशय घेणं सोपं होतं. पण नवं कार्ड परत गेलं तर बाबा जुनं मागून घेणार. नवं चालावं ही सगळ्यात जास्त गरज त्यालाच."

मेहुण्याने मान डोलावली. "रोज प्रार्थना करतोय मी," तो म्हणाला.

"मग मी काच पाहिली. दुकानदार दार उघडतात तेव्हा आतून ठसे उमटतात, ग्रीसचे. काल हे दार त्यांनी उघडलं होतं. आज ठसे नाहीत. आतून काच पुसायची तर दार उघडावंच लागतं. म्हणजे घरातल्या कुणीतरी आज सकाळी आठच्या आत ते उघडलं. आणि दुकानदार दोरे कापून फेकतात, तरी आज आतल्या जुडीला मेणाचा दोरा आहे. दर दोन बोटांवर गाठ. तीच गाठ इस्त्रीच्या दोरीला आहे."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू सासूबाईंकडे वळल्या.

"वायरी बांधल्या म्हणून काय झालं?" जावई घाईने म्हणाला. सासूबाईंना कुणी काही बोलू नये असं त्याच्या आवाजात होतं.

"बांधल्या म्हणून काहीच नाही. दुकानदार दोन वायरी लावतात, दोन तोंडं लोंबकळत ठेवतात. आज लोंबकळणारं एकही नाही. ताई, दुसरी वायर कुठे आहे?"

सासूबाई उठल्या, कॉम्प्युटरच्या आत मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि घडी घालून बांधलेली वायर दाखवली. "एकीलाच दोन तोंडं होती," त्या हळूच म्हणाल्या. "दोन्ही कार्डात बसली. मग दुसरी कशाला? एक्स्चेंजमध्ये जास्तीची वायर म्हणजे चूक, असंच शिकले मी."

"टेलिफोनच्या तारेतून वीज जाते ती चिमूटभर," वहिनी म्हणाल्या. "हे कार्ड सिनेमा दाखवताना घोटघोट पितं, पण डोंगर-रस्ते रंगवायचे म्हटलं की घटाघटा. एका नळीवर दोन तोट्या लावल्या, दोन्ही पूर्ण सोडल्या. धार बारीक होणारच. वीज कमी पडली की यंत्र डोळे मिटतं. दुकानात वायरी पुन्हा लावल्या की बरं होतं, आणि कशाने बरं झालं ते त्यांनाही कळत नाही."

"तीस वर्षं उपसतोय," दुकानदार कपाळावर हात मारत म्हणाला. "काय उपसतोय ते एकदाही बघितलं नाही."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "जावयाची भेट होती हो. काचेतून गबाळं दिसायचं. म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं आणि छान म्हणावं. यांना हात लावलेला खपत नाही, म्हणून सकाळी गुपचूप करायची. आणि बोल जावईबापूंना लागला."

"अहो आई, एवढी सुंदर जुडी त्या दुकानात कुणाला जमत नाही," जावई म्हणाला.

दुकानदाराने ते मुकाट मान्य केलं. मग सासूबाईंनीच दोरे कापले आणि दुसरी वायर लावली. दोन्ही रिकामी तोंडं त्यांनी अशी दुमडून बांधली की दिसेनात. सासऱ्यांनी स्टिअरिंग धरलं. वीस मिनिटं झाली, कुणी श्वास घेईना. चाळीस झाली. ट्रक घाट चढत होता आणि डोंगर खरंच डोंगरासारखे दिसत होते.

"जावईबापू," सासरे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आठवडाभर 'असू दे' म्हणत होतो, पण मनात घाण होती. चुकलं माझं."

जावई स्टिअरिंगपाशी येऊन उभा राहिला. "माझंही चुकलं. खोकं उघडलेलं बघून मलाच शंका आली होती, पण मी गप्प बसलो. या बाईंकडे गेलो तो तुम्हाला खोटं ठरवायला नव्हे. तुमचं खरं तर नाही ना, या भीतीने गेलो."

सासऱ्यांनी पायानेच शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

जावयाने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. "ऐक, खोकी बांधायला घे," तो म्हणाला. "हो, आपण जातोय. बाबांना आत्ता सांगतोच आहे."

सासऱ्यांची नजर पडद्यावरच होती, पण ट्रक केव्हाच रस्ता सोडून शेतात शिरला होता.