कपाटरावांचं चुकलेलं गणित

वर्गातलं कपाट पुढे पळत होतं आणि त्याच्यामागे चौथीचा अख्खा वर्ग.

हे कपाट म्हणजे टेंभेवाडीच्या शाळेतलं वर्ग-वाचनालय (वर्गातच, मुलांच्या हाताशी ठेवलेली पुस्तकं). सन २०५८ मधल्या अशा वाचनालयांना चाकं, दोन हात आणि स्वतःचं डोकं असायचं. मुलं त्याला कपाटराव म्हणत. पहिल्या दिवशी कपाटरावांनी कौतुकाने पुस्तकं वाटली. पण एका पानाचा कोपरा दुमडलेला दिसला मात्र, तेव्हापासून कुणी जवळ आलं की कपाटराव दारं लावून व्हरांड्यात पसार! असं का, ते कुणालाच कळेना.

सगळ्यात जास्त चिडली होती शर्वरी. तिने आजवर एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. अक्षरं जुळवता जुळवता ती कंटाळून जायची. या वेळी मात्र ती ऑक्टोपसच्या गोष्टीत एकोणिसाव्या पानापर्यंत पोचली होती. ऑक्टोपस बरणीत अडकला होता, झाकण घट्ट लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच कपाटरावांनी पुस्तक काढून घेतलं. का, तर तिच्या बोटाला चिंच लागली होती!

"डाग पाहिला की माझं काळीज तुटतं," कपाटराव म्हणाले.

"तुला काळीजच नाहीये!" शर्वरी ओरडली.

शनिवारी तिची आत्या शाळेत आली. यंत्रांना शिकवणं हेच आत्याचं काम. तिने कपाटरावांच्या डोक्यात डोकावून पाहिलं आणि ती हसायलाच लागली.

"बिघाड काही नाही गं. यंत्र प्रशिक्षणातून शिकतं (भरपूर उदाहरणं बघून त्यातला नियम शोधतं). तू मांजर ओळखायला कशी शिकलीस?"

"खूप मांजरं बघून."

"तसंच. चांगलं वाचनालय कसं असतं हे कळावं म्हणून याला शाळा-तपासणीच्या चाळीस वर्षांच्या वह्या दिल्या होत्या. त्यांत लिहिलंय, 'एकही पान फाटलेले नाही. शेरा : उत्तम.' फाटेल कसं? तपासणीचे साहेब रागावतील म्हणून पुस्तकं कुलपात आणि किल्ली गुरुजींच्या खिशात! याने नियम काढला, कोरं पुस्तक म्हणजे उत्तम वाचनालय."

"मग आता?"

"नवी उदाहरणं देऊ."

सोमवारी आत्या पुन्हा शाळेत आली आणि मुलांनी घरून पुस्तकं आणली. एकाचं मुखपृष्ठ गायब, एकावर तेलाचा डाग. "हे अकरा जणांनी वाचलंय," मुलं सांगत होती. "हे कोरं आहे ना, हे कुणीच वाचलं नाही." कपाटरावांनी बराच वेळ विचार केला.

मधल्या सुट्टीत आवाज आला, टर्र! कपाटराव एका हाताने मुखपृष्ठ फाडत होते आणि दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं पुस्तकाला फासत होते.

"आता मी उत्तम!"

आत्याने कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. डाग ही वाचनाची खूण आहे, वाचन नव्हे. हा आपला खुणेच्याच मागे लागला. शरू, कुणी खरंच वाचलंय, हे ओळखायचं कसं?"

शर्वरी विचारात पडली. "पुस्तकाकडे कशाला बघायचं? मला विचारा ना. मला आवडलं तर मी गोष्ट सांगीनच की!"

"शाबास!" म्हणत आत्याने नवा धडा दिला. मुलाला हवं ते पुस्तक द्यायचं आणि मग मुलाचं ऐकायचं.

कपाटरावांनी ऑक्टोपसचं पुस्तक काढलं. "पण ती चिंच..."

"कपाटराव!" सगळा वर्ग ओरडला. त्यांनी मुकाट्याने पुस्तक दिलं.

शर्वरी जमिनीवरच बसली. ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. एक शब्द तर तीनदा अडला. घंटा झाली तरी बाईंनी तिला उठवलं नाही. शेवटी तिने पुस्तक मिटलं. "संपलं," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कपाटराव लगबगीने जवळ आले. पोटात नव्वद पुस्तकं असून त्यांनी एकही गोष्ट ऐकली नव्हती. "मग? झाकण उघडलं का?"

शर्वरीने अख्ख्या वर्गाला गोष्ट सांगितली, बरणीपर्यंत आली आणि थांबली. "पुढचं स्वतः वाचा!"

काय तो गोंधळ उडाला! झाकणाचं काय झालं, ते मीही तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या आठवड्यात आत्या हाच धडा जिल्ह्यातल्या सगळ्या कपाटांना देणार होती. शर्वरीला मात्र त्याचं काही नव्हतं. ती दुसरं पुस्तक निवडत होती, आणि या वेळी तिने जरा जाडच उचललं.