जन्माच्या वेळी हजर

नोरीन, माझी सासू, ब्याऐंशीची झाली त्याच आठवड्यात तिने मला कामाला लावलं. ऑस्ट्रेलियात, आमच्या वॉलॉंगॉंगच्या सेमेटरीत तिच्या आजीच्या थडग्यावर मृत्यूचं साल आहे, १९३१. जन्मतारखेची जागा कोरी. आजी आयर्लंडहून बोटीने आली आणि आपला जन्म कधीचा हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

"दोन महिन्यांनी माझं हार्टचं ऑपरेशन आहे," नोरीन म्हणाली. "त्याआधी तिथे तारीख कोरलेली हवी. स्वरदा, तू डेटावाली आहेस. शोध."

मी मूळची पुण्याची. इथल्या युनिव्हर्सिटीमध्ये डेटाबेस सांभाळते. नोंद असेल तर ती सापडतेच, यावर माझा विश्वास.

आजीचं माहेरचं नाव होनोरा डिनीन. पाच शनिवार मी आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्याच्या जुन्या जन्मनोंदींची स्कॅन केलेली पानं चाळली. डिनीन तिथे घरोघरी. आईबापांची नावं जुळली तर गाव जुळेना. ब्रेंडन, माझा नवरा, म्हणाला, "सोड ना, एखादी अंदाजे तारीख टाकू." मी सोडलं नाही.

सहाव्या शनिवारी सापडली. ९ फेब्रुवारी १८७१. मुलगी, होनोरा. आईबाप बरोबर, गाव बरोबर.

शेवटच्या रकान्यात जन्माची खबर देणाऱ्याचं नाव होतं. होनोरा डिनीन, जन्माच्या वेळी हजर. लिहिता येत नसावं, म्हणून सहीच्या जागी फुली. फुलीचा खालचा पाय गळासारखा आत वळलेला.

आत्या असेल, मी स्वतःला सांगितलं. तेच नाव पुन्हा ठेवायची पद्धत असते.

तरी खात्री करावी म्हणून मी नोरीनकडचा बिस्किटांचा डबा मागितला. त्यात घरातले सगळे जन्माचे दाखले होते. नोरीनच्या आईचा १९०८ चा, इथलाच. त्यावर आईचं नाव होनोरा केसी, लग्नाआधीची डिनीन, म्हणजे आजीच. आणि खाली जन्माची साक्षीदार, पुन्हा होनोरा डिनीन. फुली. पाय आत वळलेला.

"आजीबरोबर तिची आत्या आली होती का?" मी विचारलं.

"कुणीच नाही. एकटी आली ती. गावाकडे चुलीत दलदलीतली माती जाळत, तो वास तिच्या हाताला शेवटपर्यंत होता, असं आई सांगायची."

बोटीवरच्या प्रवाशांची यादीही तेच सांगत होती.

मग मी नोरीनचा दाखला उघडला. १९४३.

तीच फुली.

कागद मी तिच्यापुढे सरकवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"आई म्हणायची, तुझ्या वेळी आजी होती माझ्याजवळ."

"नोरीन, आजी तर बारा वर्षं आधी गेली होती."

"हो," ती म्हणाली. दाखल्याची घडी घालून तो डब्यात ठेवला. "तारीख मिळाली ना? कोरून घे."

मी कोरून घेतली. नोरीनला व्हीलचेअरवरून नेलं. तिने एकेक आकडा बोटाने चाचपला. ऑपरेशनही नीट पार पडलं.

गेल्या रविवारी आमची ईशानी तीन वर्षांची झाली. दुपारी पाहुणे गेल्यावर भांडी विसळताना मी ब्रेंडनला म्हटलं, "डिलिव्हरीच्या वेळच्या त्या मराठी नर्सला आपण साधं थँक यू कार्डही पाठवलं नाही. नाव आठवतं तुला?"

"कुठली मराठी नर्स?"

"ती म्हातारीशी. माझा हात धरून उभी होती. अजून एकच कळ दे, बाळा, म्हणत होती."

ब्रेंडनने नळ बंद केला.

"खोलीत मी होतो आणि मिडवाइफ. ती व्हिएतनामी."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"तू मात्र सारखी 'हो, हो' म्हणत होतीस," तो म्हणाला. "भिंतीकडे बघून."

तो हात मला नीट आठवतो. गार होता, आणि त्याला जळत्या ओल्या मातीचा वास येत होता.