पाचवं रीळ

चाकूरच्या सिद्धलिंगअप्पांनी अकरा सिनेमांत कामं केली आणि त्यातल्या नवांत ते मेले. सगळे आर्ट सिनेमे. म्हणजे बक्षीस दिल्लीत, प्रेक्षक कुठंच नाही. गावात त्यांच्या कापडदुकानाला लोक ‘मुडद्याचं दुकान’ म्हणत. “अप्पा, औंदा कशानं मरायलाव?” गिऱ्हाईक विचारायचं. सदऱ्याचं कापड फाडता फाडता अप्पा सांगायचे, “कॉलऱ्यानं.”

पण बहात्तरच्या दुष्काळात औशाजवळ झालेल्या शूटिंगची थट्टा त्यांना खपत नसे. त्या सिनेमात त्यांची समाधी होती. लिंगायतांत मेलेल्याला मांडी घालून बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवून. दिग्दर्शकानं शाडूचं लिंग करून आणलं होतं. खोट्यानं चेहऱ्यावर खरं उतरत नाही, म्हणून अप्पांनी गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि स्वतःचंच लिंग हातावर घेतलं. मंत्र म्हणायला आणलेले अय्याही खरेच. ते कुरकुरले, “अप्पा, हे जित्या माणसानं करायचं न्हाई.”

तीन मुठी माती पडली, ‘कट’ झालं, अप्पा हसत वर आले.

पुण्यात सिनेमा पाहिला, तेव्हा पडद्यावर तीन मुठीच होत्या. दोन वर्षांनी नांदेडात पाहिला, तर माती मांडीपर्यंत. एवढी तर कुणी टाकलीच नव्हती! त्या दिवसापासून पाय जड झाले. सोलापुरात छातीपर्यंत, तिथून दम लागू लागला. डॉक्टरांना काही सापडेना.

पुढं लातूर जिल्हा झाला. त्या वर्षीही विहिरी कोरड्याच. तिथल्या चित्रपट मंडळाच्या शेषेराव गुरुजींनी सत्काराचं पत्र धाडलं, तेव्हा अप्पा आधी हरखले आणि मग घामेजले. आपल्या मुलखातली पहिली टाळी सोडवत नव्हती. रविवारी सकाळी ते थिएटरात मशीन चालवणाऱ्या मलप्पाला गाठून म्हणाले, “पाचवं रीळ लावू नको.”

“त्यातच तर तुमचं काम हाय!”

“म्हणूनच.”

मलप्पानं रीळ बाजूला ठेवलं. सिनेमा आर्टचा, त्यामुळं मधलं रीळ गेल्याचं कुणाला कळलंही नाही. टाळ्या पडल्या. पडद्यापुढं अप्पांना शाल, हार झाला. पहिल्या रांगेत बायको महादेवी पदरानं डोळे पुसत होती.

तेवढ्यात गुरुजी माईकवर गरजले, “मुख्य प्रसंग तर राहिलाच! मलप्पानं लपवलेलं रीळ मी शोधून काढलंय. लावा!”

अंधार झाला. अप्पांची पाठ पडद्याकडं होती. वळायचं नाही, त्यांनी ठरवलं. बघितलंच नाही, तर माती चढणार नाही.

मागं फावडी वाजू लागली.

महादेवीचा हात तिच्या गळ्याशी गेला.

अप्पा वळले नाहीत.

फावडी थांबली. दिवे लागले. पाय हलके वाटत होते, दमही नव्हता. सुटलो, अप्पांच्या मनात आलं.

गुरुजी कानाशी आले. “कमाल केली, अप्पा! तुम्ही दिसतच नव्हता. नुसती सपाट माती. पण ती श्वास घेत होती हो, वर-खाली... आणि मग हळूच थांबली. कसं जमवलं?”

अप्पा नमस्कार करायला गेले, तर डावी मूठ उघडेना. महादेवी वर आली. तिनं एकेक बोट सोडवलं. तळहातावर लिंग होतं, चिखलात बसलेलं.

“अवो,” ती पुटपुटली, “औंदा एवढी ओली माती कुठं घावली तुमाला?”

मग तिनं त्यांच्या गळ्याकडं पाहिलं. चांदीची डबी बंदच होती.