चावी माझ्याकडे होती

"शिल्पे, बाहेर कुणाला बोलू नको गो..."

आत्याचा तो आवाज अजून कानात आहे. शाळेत फिट येऊन पडले होते मी. माझं कपाळ पुसता पुसता ती कुजबुजत होती. मोठी झाल्यावर दोन स्थळं आली, कुठूनसं कळलं, नि परत फिरली.

म्हणून तर भरत आवडला — सगळं माहीत असून हसणारा!

मी पेणची, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तो जवळच्या कासू गावचा, रोह्याच्या दवाखान्यात मदतीच्या टेबलावर बसणारा. जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट पिशवीत कोंबून मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"रद्दी घालायला आलात?"

"तराजू हाय का तुमच्याकडं?"

तो खळखळून हसला. माझ्याच मोबाइलवर आरोग्याचं खातं उघडून दिलं, त्यात रिपोर्टांचे फोटो कसे चढवायचे ते सांगितलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. मला गंमत वाटली. समोर एवढा कॉम्प्युटर... त्यात दिसणारच की याला!

मग तो पेणला येऊ लागला. ओल्या रंगाच्या वासात, मूर्तींच्या रांगेत, माझ्याजवळ उकिडवा बसायचा.

"आखताना बोलत का नाय गो?"

"हात हलतो."

"मग मी बोलतो. तू मला आवडतेस."

हात हललाच! मी नुसती हसले. उत्तर मात्र ओठांतच राहिलं...

काल चहाबरोबर मी गोळी घेतली.

"आई रविवारी तुमच्याकडं यायचं म्हणते," तो म्हणाला. मग सहज, "ही कसली गोळी गो, रोज?"

"मला काय विचारतोस? वाचलंयस ना सगळं!"

"मी? मला तुझं नाव नि नंबर दिसतो फक्त. बाकीचं तू परवानगी देशील त्या डॉक्टरला. चावी तुझ्याकडं हाय."

कुंचला थांबला. म्हणजे इतके दिवस... याला काहीच ठाऊक नव्हतं?

माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "नसंल सांगायचं तर राहू दे."

राहू देता आलं असतं. रविवार पार पडला असता. मी कुंचला पाण्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मला फिट येते, भरत. लहानपणापासून. गोळीनं थांबलीय, पण परत येऊ शकते. आईला सांग. मग ठरवा यायचं का ते."

बाहेर एक टेंपो आला, गेला.

"आईला मी सांगतो. ती नाय आली तरी मी येणार," तो म्हणाला. "पण तू पडलीस तर मी काय करायचं, ते आत्ता शिकव."

"कुशीवर वळवायचं. तोंडात काय घालायचं नाय. कांदा हुंगवायचा नाय."

"चप्पल?"

"भरत!"

"बरं, नाय. अजून?"

"अजून..." माझा आवाज जराही हलला नाही. "तू मला फार आवडतोस."