ओल्या बुटांची पोल्का

रेडिओ स्टेशनच्या वळणावरच माझी गाडी बर्फात रुतली, आणि ढकलायला धावून आला तो एक गुळगुळीत शहरी बूट घातलेला माणूस. बुटांवरूनच कळलं, हा आमच्या बर्फाळ विस्कॉन्सिनचा नाही.

"हळू... अजून हळू," मागून आवाज आला.

"ढकलताय की नुसतेच टेकून उभे आहात?"

"सवड मिळेल तसं दोन्ही."

गाडी सुटली. आरशात पाहिलं तर तो गुडघ्यापर्यंत भिजून हसत होता. उशीर झाल्यामुळे आभार मानायचे राहिलेच. म्हणून माइक सुरू होताच मी अख्ख्या गावाला सांगितलं, "आजचं पहिलं गाणं, माझ्यापायी ज्याचे बूट भिजले त्याच्यासाठी." आणि 'ओल्या बुटांची पोल्का' लावली – आमच्याकडचं अकॉर्डियनवरचं जुनं नाचाचं गाणं.

गाणं संपायच्या आत तो स्टुडिओच्या काचेपलीकडे हजर – बूट हातात, मोजे ओले.

"मी वेड एलर्बी. अटलांटाहून आलोय. पोल्का बंद करून इथे रॉक सुरू करायला... मालकांनी बोलावलंय."

"आधी सांगायचं ना. रुतून बसले असते."

त्यानंतर रोज भांडण. तो विचारायचा, "लोर्ना, हे ऐकतं तरी कोण?" मी म्हणायचे, "गायींचं दूध काढणारे सगळे. गायीसुद्धा." शुक्रवारी तळलेल्या माशांच्या पंगतीला त्याला घेऊन गेले, ताजं चीज चावताना दाताखाली कसं कुईकुई वाजतं ते दाखवलं. हळूहळू माझं मेलं लक्ष गाण्यापेक्षा काचेकडेच जास्त. पण रविवारी पोल्का बंद होणार होती, आणि सोमवारी वेड पुढच्या गावचं स्टेशन बदलायला निघणार होता. त्यानंतर रोज सकाळी रॉक मीच लावणार होते, पण पोल्का ऐकणाऱ्या माझ्या माणसांचा माइकवरून निरोप घ्यायची मुभा नव्हती. आमच्या धंद्यात ती कुणालाच मिळत नाही – जाताजाता निवेदिका काय बोलून बसेल, कोण जाणे.

बदलाआधी एकच गाणं सारखं वाजवत राहायचं, म्हणजे लोक चक्रावून ऐकत बसतात, ही या धंद्याची जुनी खोड. शनिवारी स्वयंपाकघरात रेडिओ लावला, तर 'ओल्या बुटांची पोल्का'. संपली... पुन्हा तीच. पुन्हा तीच.

स्टेशनवर फोन घेणाऱ्या बर्नीसबाईंचा फोन आला. "अगं, लोक विचारतायत मशीन बिघडलंय का. मी म्हटलं, मशीन ठीक आहे, माणूस बिघडलाय."

मी पिठाच्या हातांनीच गाडी काढली.

वेडने मला पाहिलं आणि माइक माझ्याकडे वळवला.

"घे निरोप."

"मालक ओरडतील."

"ओरडू देत. मी तर जाणारच आहे... थांब म्हणणारं कुणी नसेल तर."

मी गोठ्यांतल्या, बेकऱ्यांतल्या, ट्रकमधल्या माझ्या सगळ्या माणसांना रामराम केला. डोळे भरून आले, पण हसूही आवरेना.

"आणि सकाळपासून एकच गाणं वाजवणाऱ्या माणसा, गावाच्या साक्षीने सांगते, मला तू आवडतोस. इथे राहणाऱ्याला बर्फात घालायचे बूट लागतात. बुटांचं दुकान शनिवारी लवकर बंद होतं."

वेडने पुन्हा तीच पोल्का लावली आणि माझा पिठाचा हात धरला.

"चल. आपण येईपर्यंत हीच वाजू दे."

बर्नीसबाई सांगतात, त्यानंतर तक्रारीचा एकही फोन आला नाही.